कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कची तपासणी आपोआप सुरू होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर चालू केला आणि लॉगिनच्या स्क्रीनऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत डिस्कची तपासणी सुरू झाली. एकदा झालं तर आपण सोडून देतो. रोज व्हायला लागलं की पोटात गोळा येतो, कारण त्या डिस्कमध्ये आपलं काम असतं, फोटो असतात, वर्षांचे हिशेब असतात.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘ही तपासणी बंद कशी करायची?’ माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. तपासणी उगाच सुरू होत नाही. तिच्यामागे कुठेतरी एक नोंद असते आणि ती बहुतेक वेळा आपल्याला वाचता येते. खालची उत्तरं त्या नोंदीपर्यंत कसं पोचायचं, यासाठीच लिहिली आहेत.

एक सूचना: कमांडची नावं इथे देवनागरीत अक्षरं सुटी करून दिली आहेत. टाइप करताना तीच अक्षरं रोमन लिपीत, लहान आकारात आणि मधले डॅश न घालता लिहायची. जिथे डॅश किंवा स्लॅश खरोखर टाइप करायचा आहे, तिथे तो शब्दांत लिहिला आहे.

ही तपासणी नेमकं काय तपासते? माझ्या फाइल उघडून बघते का?

नाही. तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ती तपासते फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या व्यवस्थेची, खातेवही.

एक साधी फाइल सेव्ह केली तरी डिस्कवर तीन-चार ठिकाणी लिहावं लागतं. फोल्डरमध्ये फाइलचं नाव चढतं, तिचा आकार आणि वेळ नोंदली जाते, ती कोणत्या ब्लॉकमध्ये ठेवली हे लिहिलं जातं आणि मोकळ्या जागेच्या नकाशात ते ब्लॉक ‘भरलेले’ म्हणून दाखवले जातात. यातलं दोन ठिकाणी लिहून झालं आणि तेवढ्यात वीज गेली, तर वहीचा ताळा जमत नाही. नाव आहे पण जागा नाही, किंवा जागा भरलेली दिसते पण तिथे कोणाचंच नाव नाही. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा हक्क लागणं हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण एका फाइलमध्ये लिहिताना दुसरी पुसली जाते. तपासणी हा ताळमेळ घालून बघते आणि जमत नसेल तिथे दुरुस्ती करते.

हे दर वेळी करावं लागू नये म्हणून जर्नल आलं. बदल करण्याआधी ‘मी आता हे करणार आहे’ अशी नोंद आधी जर्नलमध्ये होते. मधेच वीज गेली, तर पुढच्या वेळी जर्नल वाचून अर्धवट काम पूर्ण केलं जातं किंवा मागे घेतलं जातं, आणि ते काही सेकंदांत होतं. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये ही सोय १९९३ पासून आहे. लिनक्सच्या ईएक्सटी फाइल सिस्टिममध्ये ती ईएक्सटी३ बरोबर आली, ते २००१ साली मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दाखल झालं, आणि आज सर्रास वापरात असलेल्या ईएक्सटी४ मध्येही आहे. पेन ड्राइव्हवर असणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅटला मात्र जर्नल नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह ओढून काढणं त्यांना जास्त बाधतं.

तपासणी करायची आहे हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

प्रत्येक पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागावर, एक छोटी खूण असते. विंडोजमध्ये तिला ‘डर्टी बिट’ म्हणतात. सुरू होताना विंडोज ही खूण बघतं आणि ती लागलेली असेल तर लॉगिनच्या आधीच तपासणी सुरू करतं.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते तो फार उपयोगाचा आहे. फॅट३२ आणि एक्सफॅटवर ही खूण लिहायला सुरुवात झाली की लागते आणि ड्राइव्ह नीट काढला की पुसली जाते. एनटीएफएसचं तसं नाही. नुसती वीज गेली म्हणून एनटीएफएस सहसा डर्टी होत नाही, जर्नलवरून ते आपलं आपण सावरतं. चालू असताना वहीत खरोखरच काहीतरी विसंगत सापडलं की मगच ती खूण लागते. म्हणून सी ड्राइव्हची तपासणी वारंवार होत असेल, तर ‘लाइट गेली असेल’ एवढ्यावर समाधान मानू नका.

लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये पार्टिशनच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे त्याच्या मुख्य नोंदीत, स्थिती लिहिलेली असते: नीट बंद झालं की नाही, कर्नलला चालू असताना चूक दिसली का, शेवटची तपासणी कधी झाली, त्यानंतर किती वेळा पार्टिशन जोडलं गेलं, म्हणजे वापरासाठी उघडलं गेलं. स्क्रीनवर ‘रिकव्हरिंग जर्नल’ आणि लगेच ‘क्लीन’ असं दिसलं, तर ती पूर्ण तपासणी नव्हे. जर्नल वाचून झालं आणि गाडी पुढे निघाली, एवढंच.

पण मी काल मेनूमधूनच नीट बंद केला होता!

बंद करायची आज्ञा दिली, हे खरं. बंद व्हायचं काम पूर्ण झालं का, हा प्रश्न उरतो. लिनक्समध्ये एखादी सेवा अडून बसली तर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टिमडी हा प्रोग्राम तिच्यासाठी साधारणपणे ९० सेकंद थांबतो. विंडोजमध्ये अपडेट चालू असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. स्क्रीन काळी झाली, पंखा मात्र फिरतोय, आणि माणूस वैतागून पॉवरचं बटण दाबून धरतो किंवा भिंतीवरचं बटण बंद करतो. लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवून बॅगेत टाकला आणि बॅटरी रात्रीतून शून्यावर गेली, तरी परिणाम तोच.

डिस्क एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर याचा पुरावा मिळतो. अशी एसएसडी ‘अनसेफ शटडाउन्स’ नावाचा एक आकडा स्वतःजवळ ठेवते. लिनक्समध्ये ‘एस-एम-ए-आर-टी-सी-टी-एल डॅश ए’ आणि पुढे डिस्कचं नाव दिलं की तो दिसतो, विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये. रात्री बंद करण्याआधी तो कागदावर लिहा आणि सकाळी पुन्हा बघा. मेनूतून बंद करूनही ६३ चे ६४ झाले असतील, तर काम पूर्ण होण्याआधीच डिस्कची वीज तुटते आहे. मग शोध बॅटरी, पॉवर सप्लाय किंवा घाईने दाबलेल्या बटणाच्या दिशेने न्यायचा.

आणखी एक साधी शक्यता विसरू नका. तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी कधीतरी ‘पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का?’ या प्रश्नाला ‘वाय’ म्हणून ठेवलेलं असतं.

तपासणी चालू असताना मधेच बंद केली तर चालेल का?

सुरुवातीला विंडोज काही सेकंद मोजतं आणि कुठलंही बटण दाबून तपासणी टाळू देतं. तातडीचं काम असेल तर एकदा तसं टाळायला हरकत नाही. एकदा सुरू झाली की मात्र वीज तोडू नका. दुरुस्तीचं लिखाण अर्धवट राहिलं, तर तपासणीआधी होती त्यापेक्षा वाईट अवस्था होऊ शकते, आणि या क्षणी ती नुसतं वाचते आहे की लिहिते आहे हे बाहेरून कळत नाही. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावा.

टक्केवारी तासभर एकाच आकड्यावर अडकली आहे. किती वेळ थांबू?

हे तपासणी कुठल्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. फक्त वहीचा ताळा बघणारी तपासणी एसएसडीवर मिनिटांत होते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अर्धा-एक तास घेते. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचून बघणारी तपासणी वेगळी, म्हणजे विंडोजमध्ये ‘सी-एच-के-डी-एस-के’ ला ‘स्लॅश आर’ जोडून केलेली. तिचा हिशेब सोपा आहे. हार्ड डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी वाचते असं धरलं, तर १ टीबीला जवळजवळ दोन तास आणि ४ टीबीला साडेसात तास लागतात, तेही डिस्क धडधाकट असताना. खराब सेक्टर लागला की डिस्क तोच तोच पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि आकडा तिथेच खिळून राहतो.

टक्केवारी सारख्या वेगाने पुढे जात नाही. दहावर तासभर थांबून नंतर एकदम पुढे सरकणं नेहमीचंच आहे. आकड्याकडे बघण्यापेक्षा डिस्कच्या दिव्याकडे बघा. तो लुकलुकत असेल तर रात्रभर राहू द्या. दिवा पूर्ण विझलेला आहे आणि कित्येक तास काहीच हललेलं नाही, किंवा डिस्कमधून ठरावीक लयीत ‘टक-टक’ येतंय, तर गोष्ट वेगळी. टक-टक येत असेल तर मशीन बंद करा आणि खाली बॅकअपबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

विंडोजमध्ये हे दर वेळी होतंय. सुरुवात कुठून करू?

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘सी-एच-के-एन-टी-एफ-एस’, मग जागा सोडून सी आणि कोलन असं द्या. या कमांडने काहीही बदलत नाही, ती फक्त उत्तर देते. तीन उत्तरं येऊ शकतात. ड्राइव्ह डर्टी नाही. ड्राइव्ह डर्टी आहे. किंवा तपासणी हाताने ठरवून ठेवलेली आहे. तिसरं उत्तर आलं तर तिथेच उलगडा झाला. हेच डी, ई अशा प्रत्येक ड्राइव्हसाठी करा. सगळे सी ड्राइव्हलाच दोष देतात, आणि खूण असते कोपऱ्यातल्या जुन्या दुसऱ्या डिस्कवर.

मग आधीच्या तपासणीचा निकाल वाचा. स्क्रीनवरून तो भर्रकन निघून जातो, पण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जपून ठेवलेला असतो. विंडोज लॉग्समध्ये ॲप्लिकेशन, तिथे ‘विनइनिट’ या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद. पूर्ण अहवाल तिथे मिळतो. ‘बॅड सेक्टर्स’ या ओळीपुढे शून्य आहे की नाही, हे सगळ्यात आधी बघा.

तिथून सिस्टिम लॉगकडे वळा. ‘एनटीएफएस’ या स्रोताची ५५ क्रमांकाची नोंद म्हणजे फाइल सिस्टिममध्ये बिघाड सापडला. ‘डिस्क’ची ७ क्रमांकाची म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ‘कर्नल-पॉवर’ची ४१ आणि ‘इव्हेंटलॉग’ची ६००८ या दोन नोंदी सांगतात की आधीचं बंद होणं रीतसर नव्हतं. या नोंदींच्या वेळा एका कागदावर खाली खाली उतरवा. दर ५५ च्या आधी ४१ दिसली तर रोख विजेकडे आहे. ४१ कुठेच नाही आणि ७ किंवा १५३ ची रांग लागली आहे, तर रोख डिस्क किंवा केबलकडे.

विंडोज ८ पासून ‘सी-एच-के-डी-एस-के’ ला ‘स्लॅश स्कॅन’ जोडून चालू मशीनवरच तपासता येतं. मी आधी तेच करतो. ‘स्लॅश एफ’ दुरुस्ती करतो, ‘स्लॅश आर’ दुरुस्तीबरोबर प्रत्येक सेक्टर वाचतो. डिस्कच्या तब्येतीबद्दल शंका असेल तर ‘स्लॅश आर’ला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, कारण आजारी डिस्कला तो तासन्तास राबवतो.

‘सी-एच-के-एन-टी-एफ-एस स्लॅश एक्स’ ने तपासणी कायमची बंद होते असं ऐकलंय.

होते. ती कमांड त्या ड्राइव्हला सुरुवातीच्या तपासणीतून वगळते. पण डर्टीची खूण तशीच राहते आणि वहीतली चूकही तशीच राहते, आणि त्या चुकीच्या वहीवर तुम्ही रोज नवीन फाइली लिहीत राहता. बंद पडत चाललेल्या डिस्कवर हे केलेलं मी पाहिलं आहे. पुढे ती डिस्क वाचेनाशी झाली तेव्हा कित्येक महिन्यांचं काम गेलं होतं.

अडलेली तपासणी एकदा टाळून मशीन सुरू करायचं आणि फाइली बाहेर काढायच्या, एवढ्यासाठी ही कमांड ठीक आहे. काम झालं की ‘सी-एच-के-एन-टी-एफ-एस स्लॅश डी’ देऊन सगळं मूळपदावर आणा. आणि वगळायचे ड्राइव्ह एकाहून जास्त असतील तर सगळी अक्षरं एकाच कमांडमध्ये द्या. दुसऱ्यांदा दिलेली कमांड पहिलीला खोडते.

लिनक्समध्ये ‘चेक फोर्स्ड’ असं येतं. काही बिघडलंय का?

त्याच ओळीत आधी काय लिहिलंय ते वाचा. इतक्या वेळा जोडलं गेलं पण तपासलं नाही, किंवा इतके दिवस तपासलं नाही, असं असेल तर काहीही बिघडलेलं नाही. ती ठरलेली नियमित तपासणी आहे. जुन्या पद्धतीने तयार केलेल्या ईएक्सटी पार्टिशनवर साधारण वीस ते चाळीसच्या दरम्यानचा एक आकडा आणि १८० दिवसांची मुदत घातलेली असे. पुढे नव्या पार्टिशनसाठी ही सक्ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली. पण पार्टिशन जुनं असेल आणि वर फक्त नवीन लिनक्स चढवत आला असाल, तर जुना नियम अजून लागू असतो.

‘टी-यू-एन-ई-२-एफ-एस डॅश एल’ आणि पुढे पार्टिशनचं नाव दिलं की माउंट काउंट, मॅक्सिमम माउंट काउंट, लास्ट चेक्ड आणि चेक इंटर्व्हल या चार ओळी दिसतात. ‘डॅश सी’ने वेळांची आणि ‘डॅश आय’ने मुदतीची मर्यादा बदलता येते. शून्य दिलं की ती बंद. मी स्वतः ती पूर्ण बंद करत नाही. मुदत सहा महिने ठेवतो, म्हणजे वर्षातून दोनदा का होईना, वहीवर नजर फिरते.

कोणतं पार्टिशन कधी तपासायचं हे ‘ई-टी-सी’ फोल्डरमधल्या ‘एफ-एस-टी-ए-बी’ फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या सहाव्या रकान्यातल्या आकड्यावर ठरतं. मूळ पार्टिशनला १, बाकीच्यांना २, आणि ० म्हणजे तपासू नका. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमना हा नियम लागत नाही, त्यांच्यासाठी सुरुवातीची तपासणी मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. बीटीआरएफएसवर तर ‘चेक’ला ‘रिपेअर’ जोडणं धोक्याचं आहे. तिथे ‘स्क्रब’ ही माहिती वाचून पडताळणारी कमांड वापरायची आणि रिपेअरला जाणकार सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही.

‘शेवटचं लिखाण भविष्यकाळातलं आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. हे काय प्रकरण आहे?

हे प्रकरण घड्याळाचं आहे. यातून मी जे शिकलो ते सविस्तर सांगतो.

एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स होतं. रोज सकाळी तपासणी. दुपारी रीस्टार्ट केलं तर काही नाही. मी डिस्कच्या मागे लागलो. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचे, आकडे बघितले, केबल बदलली, रात्रभर मेमरी तपासली. सगळं स्वच्छ. शेवटी मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढला आणि एकेक चौकट थांबवून वाचली. संदेशात कंसात दोन तारखा होत्या. एक कालच्या संध्याकाळची. दुसरीच्या आधी ‘नाउ’ लिहिलेलं होतं आणि पुढे कित्येक वर्षांपूर्वीची १ जानेवारी.

मदरबोर्डवर बटणासारखा एक गोल सेल असतो, बहुधा सीआर२०३२, ३ व्होल्टचा. प्लगमध्ये वीज नसताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपला होता. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळ आरंभाच्या तारखेवर जायचं. सकाळी सुरू होताना फाइल सिस्टिमला वाटायचं की आज ती जुनी १ जानेवारी आहे, मग काल संध्याकाळी लिहिलेलं हे भविष्यातून आलं कसं? नोंदी विसंगत, म्हणून तपासणी. पुढे इंटरनेट लागलं की घड्याळ आपोआप बरोबर व्हायचं, त्यामुळे दिवसभर कोणालाच काही दिसत नव्हतं. दुपारच्या रीस्टार्टला वीज तुटत नव्हती, म्हणून तेव्हा तपासणीही होत नव्हती.

नवा सेल घातल्यावर ती तपासणी पुन्हा दिसली नाही. सेल मल्टीमीटरवर मोजा. २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदलाच. पण काढण्याआधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बूटचा क्रम आणि साटा मोड एएचसीआय आहे की रेड, याचा फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर या सेटिंग्ज मूळ स्थितीला जाऊ शकतात, आणि साटा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही.

सेल ठीक असूनही घड्याळ काही तास पुढे-मागे जात असेल आणि मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर कारण दुसरं आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ धरतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत लावून द्या.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स आहेत. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही ठेवलं की पुढच्या वेळी तपासणी होते.

विंडोज ८ पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ तपासा. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ते झोपी जातं आणि एनटीएफएस ड्राइव्ह अजून आपल्याच ताब्यात आहेत असं धरून चालतं. त्या काळात लिनक्सने तिथे लिहिलं, तर जागं झालेल्या विंडोजच्या आठवणीत एक चित्र आणि डिस्कवर दुसरंच. लिनक्स अशा वेळी अनेकदा तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं. त्याचं ऐका, जबरदस्ती करू नका. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ‘रीस्टार्ट’ला हा नियम लागत नाही, तेव्हा विंडोज पूर्णच बंद होतं.

‘रन एफएससीके मॅन्युअली’ म्हणून मशीन थांबलं आणि काळ्या पडद्यावर फक्त कर्सर उरला आहे.

घाबरू नका. एफएससीके ही लिनक्सची तपासणीची कमांड. आपोआप करण्यासारख्या सुरक्षित दुरुस्त्या संपल्या, पुढचा निर्णय माणसाने घ्यावा, असं तो सांगतो आहे. ओळीच्या सुरुवातीला पार्टिशनचं नाव असतं, ते अचूक टिपून घ्या. आधी ‘एफ-एस-सी-के डॅश एन’ देऊन फक्त बघा. या पर्यायात काही लिहिलं जात नाही. पाच-दहा चुका असतील तर ‘डॅश वाय’ देऊन सगळ्यांना होकार द्या. पण चुका पानांमागून पानं वाहत असतील, तर थांबा. त्या अवस्थेत सरसकट होकार देणं म्हणजे हजारो फाइली नाव हरवून बसण्याची शक्यता. आधी डिस्कची प्रत काढा.

जोडलेल्या, चालू पार्टिशनवर दुरुस्ती कधीही चालवू नका. शंका असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरूनच अख्खं लिनक्स चालतं) सुरू करून तिथून तपासा.

मॅकवर?

तिथे हे बऱ्याचदा नजरेआड होतं. मॅक सुरू होताना प्रगतीची पट्टी नेहमीपेक्षा फार हळू सरकते, एवढंच दिसतं. सेफ मोडमध्ये सुरू केलं की मॅक सुरुवातीच्या डिस्कची तपासणी करतो. हाताने करायची तर रिकव्हरीमध्ये जाऊन डिस्क युटिलिटीतलं ‘फर्स्ट एड’ चालवा. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस ही नवी फाइल सिस्टिम आली आहे. तिथे आधी आतले व्हॉल्यूम, मग कंटेनर आणि शेवटी पूर्ण डिस्क अशा क्रमाने फर्स्ट एड द्या.

डिस्क मरायला टेकली आहे की दुसरंच काही आहे, हे कसं ओळखू?

स्मार्टचे चार आकडे बघा. ५ क्रमांक म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी ताटकळत असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासूनही न वाचलेले. १९७ किंवा १९८ पुढे शून्याहून मोठा आकडा असेल तर आजच बॅकअप घ्या, उद्यावर ढकलू नका. ५ चा आकडा स्थिर असेल तर काही डिस्क पुढे वर्षानुवर्षं चालतात, पण आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदला. ‘स्मार्ट स्टेटस ओके’ या एका शब्दावर मात्र विसंबू नका. तो येत असतानाही हे आकडे बिघडलेले असतात.

चौथा आकडा १९९, आणि तो डिस्कचा नाहीच. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहिती बिघडली की तो वाढतो, म्हणजे बहुतेक वेळा केबल. एका मशीनवर ५, १९७, १९८ सगळे शून्य आणि १९९ पुढे चारशेच्या वर आकडा होता. साटाच्या केबलला पकडायची खिटी तुटलेली होती आणि पंख्याच्या थरथरीने ती किंचित निसटत होती. केबल बदलल्यावर आकडा शून्य झाला नाही, कारण तो कधीच कमी होत नसतो, पण तिथेच थांबला. म्हणून आकड्यापेक्षा तो वाढतो आहे का, हे बघायचं.

डिस्क निर्दोष आणि केबलही नवी, तरी दर तपासणीत वेगवेगळ्या ठिकाणी चुका सापडतात? मग रॅमवर संशय घ्या. खराब रॅममधून बिघडलेली माहिती जशीच्या तशी डिस्कवर उतरते. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. तिथे एक जरी चूक निघाली तरी ती रॅम वापरू नका आणि बदलेपर्यंत तपासणीची दुरुस्तीही चालवू नका. खराब रॅमवर केलेली दुरुस्ती चांगल्या नोंदी बिघडवते.

आधी बॅकअप की आधी तपासणी?

बॅकअप. दर वेळी. तपासणीचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमची फाइल वाचवणं हे तिचं काम नाही. ताळा जमवण्यासाठी एखादी नोंद काढून टाकावी लागली, तर ती बेधडक काढते.

मशीन सुरू होत असेल तर महत्त्वाचं आधी, मोठं नंतर, या क्रमाने कॉपी करा. सुरू होत नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करा. डिस्क खराब सेक्टर दाखवत असेल तर ‘डी-डी-आर-ई-एस-सी-यू-ई’ने आख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. चांगला भाग आधी उचलून अडलेल्या जागांकडे तो नंतर वळतो. मग तपासणी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा, मूळ डिस्क बाजूला ठेवा.

तपासणीनंतर ‘फाउंड.०००’ किंवा ‘लॉस्ट+फाउंड’ मध्ये विचित्र नावांच्या फाइली आल्या. काढून टाकू?

लगेच नको. नाव हरवलेले, पण मजकूर शिल्लक असलेले हे तुकडे आहेत. विंडोजमध्ये त्यांच्या नावामागे सी-एच-के असतं आणि तो फोल्डर लपवलेला असतो. लिनक्समध्ये # आणि पुढे आकडा असतो. लिनक्सची ‘एफ-आय-एल-ई’ कमांड आतला मजकूर बघून हा फोटो आहे की दस्तऐवज हे सांगते. कोणती फाइल गायब झाली हे बॅकअपशी ताडून बघा, हवं ते परत मिळालं की मगच पुसा.

दुसऱ्याची मदत घ्यायची झाली तर सोबत काय द्यावं?

स्क्रीनचा फोटो, शक्यतो सुरुवातीपासूनचा व्हिडिओ. नुसतं ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ एवढ्यावर कोणालाच निदान करता येत नाही. सोबत चार गोष्टी लिहा: तपासणी रोज होते की मधूनच, रीस्टार्टलाही होते की फक्त वीज पूर्ण तुटल्यावर, कोणत्या ड्राइव्हची होते, आणि हे सुरू होण्याआधीच्या आठवड्यात काय बदललं. नवी रॅम, उघडलेली कॅबिनेट, अडकलेलं अपडेट, काहीही असो. स्मार्टचा पूर्ण अहवाल जोडा, पण त्यातला डिस्कचा सीरियल नंबर झाका. आणि बॅकअप झाला आहे की नाही हे पहिल्या ओळीत सांगा, कारण समोरचा पुढचं प्रत्येक पाऊल त्यावरून ठरवणार असतो.